साडेतीन फुटांचा धक्का

सटाण्याला रेल्वे नाही. आरम नदीच्या काठचं आमचं गाव बागलाण तालुक्याचं ठाणं खरं, पण रूळ बघायचे तर मालेगावला जाऊन पुढे मनमाड गाठावं लागतं. माझ्या लहानपणी गावात अशी पुष्कळ म्हातारी माणसं होती, ज्यांनी आयुष्यात एकदाही तिकीट काढून गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. मात्र त्यांतल्या कितीतरी जणांना मनमाडचा मालधक्का स्वतःच्या खळ्याइतका ठाऊक होता. आमचे नाना, म्हणजे माझे आजोबा, त्यांतलेच. मनमाडचं नाव निघालं की त्यांना इंजिन किंवा प्रवाशांचा फलाट आठवत नसे, धक्का आठवत असे. त्याची उंची, त्यावरची सावली, फरशीत बसवलेला काटा. बाकीचे लोक देवळाबद्दल किंवा किल्ल्याबद्दल बोलतात तशा आदरानं ते मालाच्या एका इमारतीबद्दल बोलत, आणि मला वाटतं, तो आदर त्या इमारतीनं कमावलेला होता.

आमच्याकडे जुनी गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी एकदा देवमामलेदारांपाशी येतेच. यशवंतराव भोसेकर हे सटाण्याचे मामलेदार. १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडला आणि १ लाख २७ हजार रुपये लोकांना वाटून टाकले, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. मार्गशीर्षातल्या यात्रेत आजही ती कथा सांगितली जाते. नाना ती सांगत आणि मग थोडं थांबून विचारत, ‘पैसा तर वाटला, पण दाणा कुठून आला असेल?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मनमाडवरून रूळ तेव्हा गेलेले होते. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८६०च्या दशकाच्या आरंभी नाशिककडून खानदेशात उतरली. थळ घाटाचा १ जानेवारी १८६५ रोजी उघडलेला चढ तिला मुंबईशी जोडून गेला. ३७ फुटांत एक फूट चढणारा तो घाट ओलांडून माल मनमाडपर्यंत येऊ शकत होता. पुढचा रस्ता मात्र बैलांचा. दुष्काळात आधी चारा संपतो, मग बैल बसतात, आणि बैल बसले की आगगाडीनं आणलेलं धान्य धक्क्यावरच राहतं. नाना शाळा फार शिकलेले नव्हते, पण रेल्वेचा उपयोग तिच्या टोकाशी काय आहे यावर ठरतो हे त्यांना बैलांवरून नेमकं कळलेलं होतं.

त्या पहिल्या वर्षांत रेल्वेला हवा होता तो कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. धुळे-मालेगावकडून कापसाच्या गाड्या मनमाडच्या वाटेला लागल्या. पुढे १८७६ ते १८७८ असा मोठा दुष्काळ पडला आणि १८७८ साली दौंड-मनमाड लाइन सुरू झाली. दक्षिणेकडचा माल कल्याणला न जाता, दोन्ही घाट टाळून, परभारे उत्तरेकडे जाऊ लागला. मनमाड जंक्शन झालं. १९००च्या सुमारास निजामाच्या मुलखातली, हैदराबादकडून औरंगाबादमार्गे येणारी लाइनही तिथंच येऊन टेकली. एका उघड्या माळावर, अंकाई-टंकाईच्या डोंगरांच्या नजरेसमोर, तीन दिशांचा माल एकत्र येऊ लागला.

आमचा माल म्हणजे गूळ आणि भुईमुगाच्या शेंगा, कांदा बराच नंतरचा. मोसम, आरम, गिरणेच्या काठी जुन्या काळापासून फडांची शेती आहे. नदीला छोटे बंधारे, त्यांतून पाट, आणि पाटाचं पाणी सगळ्या फडाला पाळीनं. त्यावर ऊस पिके. गुऱ्हाळातून निघालेल्या गुळाच्या ढेपा गोणपाटात बांधून गाडीत रचल्या की पणजोबा संध्याकाळी बैल जुंपत. आजी सांगे, भाकऱ्या तीन दिवसांच्या बांधायच्या, पण कालवण नाही, तिखट आणि तेलच, कारण कालवण वाटेत आंबतं. गाड्या एकट्या जात नसत. रात्रभर चालायचं, दिवसा आंब्या-चिंचेखाली सोडायचं, मालेगावच्या पुढे एक मुक्काम. गूळ उन्हाला फार नाजूक. ऊन लागलं की ढेपेला पाझर सुटतो, गोणपाट चिकट होतं, मुंग्या धरतात, आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून गाडी मनमाडला पोचायची ती पहाटे, आणि पोचल्यावर माल कुठे ठेवला जातो यावर वर्षाच्या कमाईचा बराच भाग अवलंबून. ‘सावली व्हती ना तठे, म्हनीसन गूळ टिकना,’ असं नाना आमच्या अहिराणीत सांगत. धक्क्याबद्दलचं त्यांचं सगळं प्रेम या एका वाक्यात आहे.

आता ती सावली कशी बांधलेली असते ते सांगतो. मालधक्का म्हणजे एक लांबलचक उंच ओटा. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला गाडीरस्ता. दोन्ही कडांना काळ्या दगडाच्या भिंती, मध्ये मुरुमाची भर, वर फरशी, आणि त्या सगळ्यावर छप्पर. घडण इतकी साधी की शेजारून जाणारा माणूस मान वळवून बघणार नाही. पण तिथलं प्रत्येक माप माणसाच्या पाठीशी बांधलेलं आहे. रुळाच्या माथ्यापासून धक्क्याची कड साडेतीन फुटांवर असते. मोठ्या लाइनीला आजही हीच कमाल मर्यादा आहे, १०६५ मिलिमीटर. वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, तळ त्याहून वीतभर वर येतं. दाराशी लोखंडी फळी टाकली की हमाल सरळ चालत आत जातो.

हे साडेतीन फूट काय करतात याचा हिशेब मांडून बघा. जुनी चारचाकी बंद वाघीण साधारण २२ टनांची. शंभर किलोची २२० पोती. धक्का नसेल तर प्रत्येक पोतं जमिनीवरून सव्वा मीटर वर चढवावं लागेल, आणि पोत्याबरोबर हमालाला स्वतःचं अंगही तितकंच वर न्यावं लागेल. पाटावरून, फळीच्या शिडीवरून, २२० वेळा. धक्क्यानं ही चढण एकदाच, दगडात बांधून, कायमची चढून ठेवलेली असते. त्यानंतर शंभर वर्षं तिथं येणारा कुठलाही माणूस ती चढत नाही. इंजिनिअरिंगमधली मोठी नावं पुलांना आणि बोगद्यांना मिळाली. ज्यानं ही साडेतीन फुटांची रीत पहिल्यांदा ठरवली त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, पण किती मणके त्यानं वाचवले असतील!

रस्त्याच्या बाजूलाही तोच विचार. बैल सोडून गाडी पाठमोरी धक्क्याला लावायची, जुवाखाली टेकू द्यायचा, की गाडीचं तळ धक्क्याच्या कडेशी जवळजवळ जुळतं. नाना सांगत, गावात ढेप उतरवायला दोन गडी लागत, धक्क्यावर एक माणूस ती नुसती ओढून घेई. मग काटा. तो फरशीत खोल बसवलेला, त्याचा पाट फरशीच्या पातळीत. त्यामुळे वजनासाठीही माल उचलायचा नाही, ढकलायचा. गाडीपासून वाघिणीपर्यंत मालाची सगळी वाट एकाच पातळीवर. फरशीला बाहेरच्या बाजूंना हलका उतार, पाऊस आत आला तर थप्पीखाली साचू नये म्हणून. दारं असतील तर ती सरकती, चाकांवर भिंतीच्या अंगानं जाणारी, कारण झापेची दारं बाहेर उघडली तर वाघिणीला अडतील आणि आत उघडली तर थप्पीला.

छपराचं काम सर्वांत अवघड. सावली हवी ती फक्त धक्क्यावर नको, वाघिणीच्या दारावरही हवी, नाहीतर धक्का आणि वाघीण यांच्या फटीत पडणारा पाऊस प्रत्येक पोत्यावर पडणार. म्हणून छपराचं पाखं कडेच्या पुढे, वाघिणीच्या माथ्यावर झुकलेलं लागतं. पण रुळाच्या बाजूला खांब उभा करता येत नाही. रुळाच्या मध्यापासून ठरावीक अंतराच्या आत काहीही येऊ द्यायचं नाही हा रेल्वेचा कडक नियम, आणि तो योग्यच, कारण वाघिणीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या अंतरावर टांगलेला असतो. मग पाखं अधांतरीच बाहेर काढावं लागतं. खांब आत घ्यायचे, त्यांच्या डोक्यावर लोखंडी कैच्या बसवायच्या, आणि कैचीचा हात रुळाकडे लांब सोडायचा. त्या हाताचं वजन आतल्या बाजूच्या छपरानं तोलून धरलेलं असतं. वारा खालून शिरला की तेच पाखं उचलू बघतं, म्हणून पत्रे नुसते ठोकत नाहीत, आकड्यांच्या बोल्टांनी खालच्या लोखंडाला बांधून टाकतात. मनमाडचा माळावरचा वारा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना हे जास्त सांगायला नको.

कैचीतली विद्या मला पुढे कॉलेजात कळली, पण पाहिली होती आधीच. नाना एकदा मला धक्क्यावर घेऊन गेले तेव्हा त्यांनी वर बोट दाखवून सांगितलं, की तिरपी लोखंडं जाड आहेत आणि खालची आडवी सळई बोटाएवढी बारीक आहे, तरी तीच सगळं धरून आहे. अगदी खरं आहे. तिरप्या दांड्यांवर दाब येतो आणि दाबाखाली बारीक लोखंड वाकतं, म्हणून ती जाड. खालची सळई फक्त ताणली जाते, आणि ताणाला लोखंड बारीक असलं तरी पुरतं. तिनं तिरप्या दांड्यांचे पाय पसरू न देता एकमेकांकडे ओढून धरलेले असतात, म्हणून छप्पर खांबांना बाहेर ढकलत नाही आणि खांब सडपातळ चालतात. खांब तरी कसले? जुने, झिजलेले रूळ. गाडीच्या चाकांनी माथा खाल्ला की रूळ लाइनीतून काढायचा आणि धक्क्यावर उभा पुरायचा. मध्य रेल्वेच्या कितीतरी स्टेशनांवर असे खांब आजही आहेत. रुळाच्या कमरेवर कारखान्याचं नाव आणि साल लोखंड तापलेलं असतानाच उठवलेलं असतं. नानांनी माझी बोटं त्या अक्षरांवरून फिरवली होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं कुठल्या खांबावर कुठं आहेत हे ठाऊक होतं. वर्षानुवर्षं माणसांचे खांदे-पाठी टेकून ती जागा गुळगुळीत झालेली, चांभाराच्या हाताखालच्या चामड्यासारखी काळपट.

पत्र्याचीही एक कथा आहे. नालीदार पत्रा आता आपल्या गोठ्यापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे आहे, पण तो जन्मला तो मालासाठीच. लंडनच्या गोदीचे इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं आणि पहिलं छप्पर गोदीतल्या शेडवरच घातलं. सपाट पत्रा स्वतःच्या वजनानं झोल खातो. त्याला नाल्या पाडल्या की तोच पत्रा वासे कमी करून लांबची झेप घेतो. वजनाला हलका, जहाजातून थप्पी लावून आणायला सोपा, गंज धरू नये म्हणून जस्ताचा थर. हिंदुस्थानात रेल्वे बांधणाऱ्यांना याहून सोयीचं काही मिळणार नव्हतं. एकच दोष, उन्हाळ्यात तो तापतो. म्हणून चांगल्या धक्क्याच्या आढ्याला मोकळी जागा ठेवून वर दुसरं लहान पाखं चढवतात, की तापलेली हवा वर निघून जावी. ही मोकळी जागा जिथं कुणी पैसे वाचवायला बुजवली तिथं दुपारी उभं राहवत नाही.

मनमाडला लोखंडाची ही विद्या शहरातच होती. १९०६ साली जीआयपीनं तिथं इंजिनिअरिंग कारखाना काढला, पुलांचे गर्डर बनवणारा. त्या काळात अशा कामाला वेल्डिंग नव्हतं, रिव्हेट होते. नानांच्या ओळखीचे एक वृद्ध गँगमन होते, ते आमच्या घरी आले की कारखान्यातलं काम बघितल्याचं सांगत. एक पोरगा भट्टीतून लालभडक रिव्हेट चिमट्यानं काढून फेकतो, दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेलतो, भोकात घालतो, मागून एकजण नेट देतो आणि पुढून घण पडतात. डोकं चपटं होईपर्यंत रिव्हेटचा रंग उतरलेला असतो. आणि मग तो निवतो तेव्हा आखडतो, आखडताना दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आवळून धरतो. गरम लोखंडाच्या आखडण्यावर पूल उभे राहिले, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्याहून चांगला पदार्थविज्ञानाचा धडा मला पुढे मिळाला नाही.

मनमाडच्या धक्क्याची खरी परीक्षा मात्र छोट्या लाइनीनं घेतली. जीआयपीचे रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचे, निजामाच्या लाइनीचे १००० मिलिमीटर. औरंगाबाद, जालना, परभणीकडून छोट्या वाघिणींतून आलेला कापूस, ज्वारी, सरकी यांतलं काहीही मुंबईकडे सरळ जाऊ शकत नव्हतं. मनमाडला प्रत्येक पोतं उतरायचं आणि मोठ्या वाघिणीत भरायचं. मुंबईकडून जाणारं मीठ, कापड, लोखंड यांचंही उलट तसंच. अशा बदलीच्या धक्क्यांची रीत मोठी हुशारीची असते. मधे ओटा, एका अंगाला मोठी लाइन, दुसऱ्या अंगाला छोटी, आणि छोट्या वाघिणीचं तळ बुटकं म्हणून तिचे रूळ थोडे उंचावर घालायचे, म्हणजे दोन्हींची तळं ओट्याशी जुळतात. पण रुंदीतला तो दोन फुटांहून थोडा जास्त फरक पुसायला दगड-लोखंड पुरत नव्हतं, तो हमालांनी खांद्यावर पुसला. छोट्या वाघिणीतला माल मोठीत मावून जागा उरे, मग दुसरी छोटी वाघीण येईपर्यंत थांबायचं, नाहीतर अर्धी गाडी रिकामी पाठवायची. पावसाळ्यात थांबलेल्या मालावरून भांडणं होत. मनमाड ते औरंगाबाद लाइन १९९२ साली मोठी झाली, आणि नव्वदहून जास्त वर्षं चाललेली ती उचल-ठेव थांबली.

हमालांबद्दल नाना जे सांगत ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे, कारण इमारतीच्या इतिहासात ही माणसं सहसा येत नाहीत. हातात लाकडी मुठीचा आकडा, डोक्यावर गोणपाटाची खोळ, पाठीवर घाम आणि मिठाचे पांढरे डाग. चार जण मिळून पोतं उचलत आणि पाचव्याच्या पाठीवर देत. वाघीण धक्क्याशी नीट लागली नसेल तर इंजिनची वाट कोण बघणार, चाकामागे पहार घालून, एका सुरात हाक देऊन ते ती वाघीण हातांनी सरकवत. भराई झाली की दार लावून तारेला शिशाची मोहोर दाबायची, आणि मालबाबू बिल्टी फाडून हातात देई. ती बिल्टी नाना पागोट्यात बांधत. व्यापारी तो कागद बघूनच पैसे मोजत, म्हणून घरी परतताना गाडी लुटली जाण्याची भीती मालापेक्षा त्या कागदासाठी जास्त.

त्या गँगमन आजोबांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट इथं लिहिलीच पाहिजे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. देशातल्या कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी तिथं मांडलं. त्यांनी रेल्वेतली साधी रोजची गोष्टही पुढे ठेवली. अस्पृश्य माणूस गँगमध्ये रूळ ठोकायला चालतो, पण स्टेशनवर पोर्टर म्हणून घेतला जात नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी कामं सांगायची प्रथा आणि घरात त्याचा स्पर्श चालत नाही. ते आजोबा तेव्हा तरणे होते आणि सभेला गेले होते. ते म्हणत, धक्क्याच्या फरशीला आमचे पाय चालत होते, कारण तिथं ओझं होतं. मी त्यांचं हे बोलणं ऐकल्यापासून धक्क्याची सपाट, सर्वांना सारखी वाटणारी पातळी बघताना तिच्यावर कोण कुठपर्यंत जाऊ शकत होतं हेही बघतो. फरशी सगळ्यांसाठी एका उंचीवर होती. तिच्यावरच्या नोकऱ्यांना मात्र उतरंड होती.

१९८०च्या दशकात रेल्वेनं सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेतली. एका शेतकऱ्याची किंवा एका अडत्याची एक वाघीण जोडत-तोडत नेण्यापेक्षा पूर्ण रॅक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं ठरलं. चारचाकी वाघिणी गेल्या, आठ चाकांच्या लांब बंद वाघिणी आल्या, चाळीसच्या वर एका गाडीला. रेल्वेच्या दृष्टीनं त्यात तथ्य होतं, कारण यार्डांत वाघिणी दिवसेंदिवस अडकून पडत. लासलगाव, मनमाडहून कांद्याचे रॅक आजही भरतात. पण पंचवीस-पन्नास पोत्यांचा धनी धक्क्यावरून हद्दपार झाला. त्याचा माल ट्रकमध्ये गेला, आणि ट्रक गावातल्या कुठल्याही चौकात, कुठल्याही उन्हात भरता येतो. लहान लहान स्टेशनांवरचे धक्के ओसाड पडले. काहींचे पत्रे निघाले, काहींत सिमेंटची पोती राहिली. मनमाडला धान्याची उलाढाल अन्न महामंडळाच्या मोठ्या गोदामांमुळे टिकून आहे, तेवढा तिथला धक्क्याचा संसार चालू राहिला. पण नानांच्या बिल्टीला तिथं जागा उरली नाही.

आमच्या घरात धक्का उतरला तो वेगळ्याच वाटेनं. गूळ-शेंगा मागे पडल्या, बागलाणात उन्हाळ कांदा आणि डाळिंब आलं. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढायचा आणि भाव येईपर्यंत चार-पाच महिने चाळीत ठेवायचा. मोठ्या काकांनी चाळ बांधायला काढली तेव्हा नाना खाटेवर होते, तरी त्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्यांचा आग्रह तीन गोष्टींचा. तळ जमिनीपासून उंच आणि फटींचं, खालून हवा वर जायला पाहिजे. दोन्ही बाजूंचं पाखं इतकं पुढे की तिरपा पाऊस कुडाला लागू नये. आणि ट्रॅक्टरची ट्रॉली पाठमोरी लावली की तिचं तळ आणि चाळीपुढचा ओटा एका पातळीत. पहिल्या दोन गोष्टी आता कृषी खात्याच्या पत्रकातही सापडतात. कप्पा चार फुटांहून रुंद नको, थर पाच फुटांहून उंच नको, एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी पूर्व-पश्चिम बांधा, हे सगळं त्यात आहे. तिसरी गोष्ट त्यात नाही. ट्रॉलीचं तळ मोजायला नाना काठी घेऊन स्वतः बाहेर आले होते. आमच्या चाळीत कांदा भरणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायका आजही सांगतात, की इथं पाट्या उचलाव्या लागत नाहीत, ओढल्या की चालतं, आणि संध्याकाळी कंबर तशी भरून येत नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली. नाशिककडचा भाजीपाला, फळं घेऊन ती मनमाड, भुसावळमार्गे गेली. छोट्या धन्यांचा माल पुन्हा एकदा रुळांवर चढताना बघून मला नानांची फार आठवण झाली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर या नव्या लाइनीला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, मालेगाव आणि धुळ्यावरून जाणारी. कित्येक पिढ्यांनी मागितलेली ही लाइन झाली तरी सटाण्याला स्टेशन येणार नाही, पण मालेगाव आमच्यापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. पिकअप सकाळी भरून निघाली तर ऊन चढायच्या आत धक्क्याला लागेल.

म्हणून मालेगावचा मालधक्का ज्यांच्या टेबलावर आखला जाईल त्यांच्याकडे माझं मागणं आहे. रस्त्याच्या बाजूची कड बैलगाडीच्या जुन्या मापानं ठेवू नका. पिकअपचं तळ बुटकं असतं आणि मोठ्या ट्रकचं उंच, तेव्हा त्या बाजूला दोन उंचींचे भाग करा. पाखं वाघिणीच्या मध्यापर्यंत पुढे आणा. वरच्या विजेच्या तारेमुळे ते आखूड करावं लागत असेल, तर धक्क्यापुरत्या रुळांवर तार घेऊ नका, शंटिंगला डिझेल इंजिन लावा. आढ्याची मोकळी जागा बुजवू नका. पाण्याचा नळ आणि हमालांच्या बसण्याची जागा धक्क्याच्या फरशीवरच द्या, रस्त्याच्या पलीकडे नको. आणि कमीत कमी एक वाघीण अशी ठेवा, की जिच्यात आमच्यासारखे दहा-वीस जण मिळून आपापल्या नावानं माल टाकू शकतील.